खिडक्या उघडा, दुसरीचं पुस्तक मिटा

सप्टेंबर 2021. इंदूरच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून, थोडं आटोपशीर करून देते.

«ताई, मी 54 वर्षांची आहे. एका खासगी हिंदी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. दीड वर्ष मोबाइलपुढे बसून शिकवलं. आता सरकारने 20 सप्टेंबरपासून पहिली ते पाचवीचे वर्ग भरवायला परवानगी दिली आहे. आमची शाळा पालकांची संमतीपत्रं गोळा करून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. एक दिवस निम्मी मुलं, दुसऱ्या दिवशी उरलेली, आणि जी येणार नाहीत त्यांच्यासाठी ऑनलाइन चालूच.

मला डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. लशीचे दोन्ही डोस झालेत. घरी 82 वर्षांच्या सासूबाई. त्यांनी मार्चमध्ये पहिला डोस घेतला, दोन दिवस ताप आला, तेव्हापासून दुसऱ्याचं नाव काढू देत नाहीत. एप्रिलमध्ये शाळेतली माझी मैत्रीण कोरोनाने गेली. स्टाफरूममध्ये आम्ही शेजारी बसायचो. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, आई, राजीनामा दे, पगार तरी कुठे पूर्ण मिळतोय. हे म्हणतात, तू ठरव. रात्रभर वर्गातली कोंदट हवा आणि मुलांच्या शिंका डोळ्यांपुढे येतात. बेंच रोज सॅनिटाइझ करणार आहेत म्हणे, तेवढं पुरतं का? अँटिबॉडी तपासून घेऊ का? आणि खरं सांगू, या मुलांना शिकवायचं काय तेच कळत नाही. मी जाऊ की नको?»

जा.

जाण्याआधी मात्र दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली, तुमच्या डॉक्टरांना भेटून तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून घ्या. दीड वर्ष घरात बसून, चालणं बंद पडून बऱ्याच जणांची साखर वर गेली आहे. ती आटोक्यात नसेल आणि डॉक्टर म्हणाले की महिनाभर थांबा, तर थांबा, आणि शाळेला तसं लेखी कळवा. ते काही पळ काढणं नव्हे. दुसरी गोष्ट सासूबाईंची, तिच्याकडे पुढे येते. अँटिबॉडी तपासू नका. आकडा मोठा आला तर उगाच बिनधास्त व्हाल, लहान आला तर झोप आणखी उडेल, आणि दोन्ही वेळा करायचं तेच करायचं आहे. त्या पैशांत चांगले मास्क येतील.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पानभर आजाराबद्दल आहे आणि शेवटाकडे एक ओळ मुलांबद्दल, तीही «खरं सांगू» म्हणून, चोरून लिहिल्यासारखी. मला वाटतं तुमची झोप जितकी विषाणूने उडवली आहे, तितकीच त्या ओळीनेही. दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिलीवर उपाय पुष्कळसा ठाऊक आहे, म्हणून ती आधी मोकळी करू.

बेंच पुसण्याचं विचारलंत. पुसू देत बापडे, नुकसान नाही. पण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, हे आता पक्कं झालेलं आहे. मे 2021 मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं. बोलता-खोकताना उडणारे मोठे थेंब 2 मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेवर तरंगत 10 मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तुमच्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तेव्हा शाळेत फवारणीचा पंप आला की नाही हे विचारण्याऐवजी तुमच्या खिडक्या उघडतात की नाही ते पाहा. आपल्याकडच्या खासगी शाळा बऱ्याचदा घराच्या प्लॉटवर मजले चढवून झालेल्या असतात. खिडक्या एकाच बाजूला, त्यातली एक कपाटाने अडवलेली, दुसरीची कडी गंजलेली.

एक दिवस आधी जा आणि वर्गाच्या मधोमध उभं राहून एक उदबत्ती लावा. पंखा आधी बंद, मग चालू. धूर कुठे जातो ते नुसतं बघा. खिडकीकडे किंवा दाराकडे सरकत बाहेर पडला तर वर्ग चांगला आहे. जिथल्या तिथे घुटमळत राहिला, किंवा पंख्याखाली गोल गोल फिरून परत तुमच्याच टेबलावर उतरला, तर समजा की मुलांच्या श्वासाचंही तेच होणार. मग कपाट हलवायला लावा, समोरच्या बाजूचं दार दिवसभर उघडं ठेवा, व्हरांड्याच्या वरच्या झडपा उघडायला लावा. एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला तरी फार फरक पडतो. हे मुख्याध्यापकांना तोंडी सांगण्यापेक्षा त्यांच्यासमोर उदबत्ती लावून दाखवा. अर्जापेक्षा लवकर काम होईल. आणि तरीही हवा खेळत नसेल तर दुसरी खोली मागा. निम्मीच मुलं येणार आहेत, खोल्या रिकाम्या आहेत.

मास्क तुम्ही एन-95 वापरा, नाकावर पट्टी दाबून, कडेने हवा जाणार नाही असा. कापडी मास्कवर ओढणी, हा प्रकार नको. मुलांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. केंद्रीय आरोग्य खात्याच्या जून 2021 मधल्या सूचनांप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्यांना मास्क नकोच, सहा ते अकरा वर्षांच्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा. सात वर्षांचं पोर मास्क हनुवटीवर आणणार, चघळणार, आणि शेजारच्याचा चित्राचा मास्क आवडला तर मधल्या सुट्टीत अदलाबदल करणार. ओरडू नका. पाच-सहा धुतलेले मास्क पर्समध्ये ठेवा. खरा धोका डब्याच्या वेळी असतो, तेव्हा सगळ्यांचे मास्क उतरतात आणि सगळे एकदम बोलतात. डबा वर्गात नको. अंगणात, गच्चीवर, व्हरांड्यात, कुठेही, पण उघड्यावर. स्टाफरूमलाही हेच लागू आहे, आणि तिथे शिक्षकच जास्त चुकतात. मुलांपासून अंतर राखायचं आणि मग सहा जणींनी बंद खोलीत एका डब्यातले पोहे खायचे!

आणखी एक. मास्क घालून शिकवताना आवाज चढतो, आणि दीड वर्ष माइकजवळ हळू बोलायची सवय झालेला गळा पहिल्या आठवड्यात बसतो. घसा दुखला की लगेच कोरोनाची शंका, मग पुन्हा रात्रभर जागरण. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कॉलर माइक मिळतो, जेल रोडला चौकशी करा. चैन म्हणून नव्हे, घशासाठी घ्या.

इथे थोडं विषयांतर करते, कारण इंदूरकरांना आपल्याच गावची ही गोष्ट क्वचित ठाऊक असते. शंभरेक वर्षांपूर्वी इथे प्लेग होता आणि लोक घाबरलेले होते. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. त्याने शहराचा जो अहवाल दिला तो 1918 मध्ये छापला गेला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची दिवाळी. एका दिवसापुरता त्याला महाराज केलं गेलं, आणि त्याने दंड, नोटिसा, पोलिस यांतलं काही न करता मिरवणूक काढली. घाणीचा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजलेले. आधीच दवंडी पिटली होती की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल. गल्ल्या-गल्ल्यांनी आपापली दारं झाडून काढली. झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांच्या, गावाला झांकीच समजते, हे त्या परक्या माणसाने बरोबर ओळखलं. तुमच्या शाळेच्या फाटकावर लाल अक्षरांत «दो गज़ दूरी» लिहिलेलं असेलच. त्याच्या शेजारी पहिल्या दिवशी झेंडूचं तोरण आणि रांगोळी असू द्या. मुलांच्या मनात शाळा म्हणजे तापमापक रोखून उभा असलेला माणूस, असं चित्र बसायला नको.

आता सासूबाई. तुमच्या घरात सर्वांत जास्त जपायला हवं ते त्यांना, आणि त्यांचाच डोस राहिला आहे. मार्चचा पहिला डोस वाया गेलेला नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उशीर झाला तरी दुसरा घ्यायचा. पहिल्याला ताप आला म्हणून दुसऱ्याला येईलच असं नाही, आणि आलाच तर पॅरासिटामॉल आहे. तुमच्याकडून ऐकत नसतील तर त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडून सांगवा. या वयात सुनेपेक्षा डॉक्टरांचं पटकन पटतं. पितृपक्ष चालू आहे, «सर्वपित्री होऊ दे, मग बघू» म्हणतील. लशीला पितृपक्ष लागत नाही, औषधाला कधी लागला होता? दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण नीट तयार होतं, म्हणून आजच्या आज हालचाल करा. शाळा सुरू झाल्यावर पहिले दिवस त्यांच्याजवळ बसून जेवू नका, त्यांच्या खोलीची खिडकी उघडी असू द्या, आणि तुमचा घसा जरा खवखवला तरी घरातही मास्क लावा. शाळेतून आल्यावर अंघोळ करायची तर करा, मनाला बरं वाटतं. पण पिशवी, पेन, पुस्तकं उन्हात वाळवत बसू नका.

झालं. आता ती ओळ.

«या मुलांना शिकवायचं काय तेच कळत नाही.» ताई, हे कळत नाही याचा अर्थ तुम्ही शिकवायला विसरलात असा नाही. तुमच्यापुढे येणार आहेत ती मुलं दुसरीची नाहीतच. हिशेब करा. मार्च 2020 मध्ये ती केजीत होती. पहिलीचं अख्खं वर्ष त्यांनी वर्ग पाहिला नाही. परीक्षा न होता वरच्या वर्गात आली. दुसरीचेही तीन महिने असेच गेले. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, लघवीला जायचं असेल तर बोट वर करणं, पाऊण तास एका जागी बसणं, यांतलं काहीही त्यांना कुणी शिकवलेलं नाही. हातात दुसरीचं पुस्तक आणि समोर पहिलीत न बसलेली मुलं, मग तुम्हाला काय शिकवायचं कळणार तरी कसं?

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी 2021 मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमध्ये दुसरी ते सहावीच्या 16 हजारांहून जास्त मुलांची पाहणी केली. त्यात आपला मध्य प्रदेशही होता. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य 92 टक्के मुलं गमावून बसली होती, गणितातलं 82 टक्के. ही न शिकलेल्याची मोजणी नाही, शिकलेलं विसरल्याची आहे. तुमची शाळा खासगी असली, मुलांकडे मोबाइल असला तरी फार वेगळं चित्र दिसेल असं मला वाटत नाही. पडद्यापुढे आई शेजारी बसून उत्तर पुटपुटायची, हे तुम्ही ऐकलं असेलच.

म्हणून दुसरीचं पुस्तक पहिले काही आठवडे कपाटात ठेवा. दिवाळीपर्यंत ठेवलंत तरी हरकत नाही. निम्मा वर्ग ही सगळ्यांना अडचण वाटते आहे, मला ती चालून आलेली संधी वाटते. पंधरा-सोळा मुलांचा वर्ग आपल्या नोकरीत कुणाला मिळाला होता? एकेका मुलाला खिडकीपाशी बोलवा आणि दोन-तीन मिनिटं त्याच्याशी काम करा. चार-पाच सोपे शब्द वाचायला द्या, दहा-बारा बिया मोजायला द्या, स्वतःचं नाव लिहायला सांगा. नाव लिहिताना अक्षराकडे नका बघू, बोटांकडे बघा. कितीतरी मुलं पेन्सिल मुठीत धरतील, नाहीतर इतकी दाबतील की टोक मोडेल, काहींची रेघ पुसट आणि थरथरती येईल. त्या बोटांना दीड वर्ष काचेवर सरकायची सवय लागली आहे, जोर कुठे लावायचा ते त्यांना माहीत नाही. अशा मुलाला «अक्षर सुधार» म्हणून पानभर गिरवायला देणं म्हणजे छळ. त्याऐवजी अंगणात घेऊन जा. प्रत्येकाला स्वतःचा एक रंगवायचा ब्रश घरून आणायला सांगा आणि डबाभर पाणी द्या. फरशीवर मोठं मोठं अक्षर पाण्याने काढायचं. खांद्यापासून हात फिरतो, मनगट सुटतं, आणि चुकलेलं अक्षर उन्हात मिनिटभरात वाळून जातं, खोडरबर लागत नाही की लाज वाटत नाही. शिवाय उघड्यावर.

मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, हा प्रश्न मात्र खरा आहे. प आणि त, म आणि न यांत घोटाळा होणार. मोबाइलवर तुमच्या ओठांचे छोटे व्हिडिओ करा, एकेका अक्षराचा. दीड वर्षात ती कला तुम्हाला आली आहेच. वर्गात दाखवा, आणि ज्यांच्या घरी फोन आहे त्यांना पाठवा. ज्यांच्या घरी नाही त्यांना पुढच्या रांगेत घ्या. दीड वर्ष ती सर्वांत मागे होती.

«मॅडम, सिलॅबस कब पूरा होगा?» हे पालक पहिल्याच दिवशी विचारतील. वाद घालू नका. त्यांच्या मुलाची वही उघडून दाखवा आणि सांगा की महिनाभराने हीच वही पुन्हा दाखवीन. मुख्याध्यापकांना मात्र आधीच विश्वासात घ्या, नाहीतर दोन्हीकडून ओढाताण होईल.

संमतीपत्रं गोळा झाली की ती ऑफिसात जायच्या आधी एकदा स्वतः चाळा, विशेषतः सह्या. ज्या मुलाच्या कागदावर नेहमी वडिलांची सही असायची तिथे आता मामाची किंवा आजोबांची असेल, तर शाळा सुरू व्हायच्या आधी घरी एक फोन करा. एप्रिल-मे या गावाने कसा काढला ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गात «तुमच्या घरी कोणाला काय झालं» असं सगळ्यांसमोर कधीही विचारू नका, आणि «आपल्या बाबांचं चित्र काढा» असला विषय यंदा टाळा. मूल आपणहून बोललं तर ऐका, विषय बदलू नका, «देवाघरी गेले, रडू नको» म्हणून तोंड बंद करू नका. आई-वडील दोघंही गेलेलं मूल असेल तर राज्य सरकारने 2021 मध्ये मुख्यमंत्री कोविड-19 बाल सेवा योजना सुरू केली: महिना 5,000 रुपये आणि शिक्षण मोफत. नातेवाइकांना बऱ्याचदा हे माहीतच नसतं, किंवा कागदपत्रांत अडकून राहतं. अर्ज भरायला तुम्ही मदत केलीत तर मोठं काम होईल.

तुमच्या मैत्रिणीबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत. तेव्हा अंत्यदर्शन झालं नाही, चार बायका एकत्र बसून रडल्या नाहीत, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑनलाइन वर्ग घेतला असणार. शाळेत पाऊल टाकाल तेव्हा ते सगळं एकदम अंगावर येईल. म्हणून मुलं येणार त्या दिवशी पहिल्यांदा स्टाफरूममध्ये जाऊ नका. उदबत्ती लावायला जाल त्या दिवशीच जा, एखाद्या सहकारी बाईला बरोबर घ्या, त्या खुर्चीपाशी बसा, रडू आलं तर येऊ द्या. तिच्या वह्या, चष्म्याची डबी, काहीतरी ड्रॉवरमध्ये राहिलं असेल, तिच्या घरच्यांना नेऊन द्या. खुर्ची कोपऱ्यात सरकवून ठेवायची नाही, तिच्यावर कुणीतरी बसू द्या.

मुलगा काळजीपोटी बोलतो आहे, रागावू नका. लांब राहणाऱ्या मुलांना राजीनामा हाच एक उपाय सुचतो, कारण फोनवरून दुसरं काही करता येत नाही. त्याला काम द्या. मास्कचं मोठं पाकीट आणि तो कॉलर माइक त्यालाच ऑनलाइन मागवायला सांगा, आणि रोजच्या फोनवर आजीला दुसऱ्या डोससाठी तयार करायचं काम त्याच्याकडे. नातवाचं त्या ऐकतील. राजीनाम्याचा विषय दिवाळीनंतर काढू, असं दोघांत ठरवून टाका.

पगाराचं त्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते उडवून लावू नका. दोन तुकड्यांना तोच धडा दोनदा, वर ऑनलाइन तिसऱ्यांदा, आणि हातात अर्धा पगार, हे नोव्हेंबरपर्यंत कोणालाही झेपणार नाही. ऑनलाइनचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं, किंवा आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी ठेवावं, आणि शाळा भरल्या दिवसापासून पगार पूर्ण द्यावा, असं दोन परिच्छेदांत लिहा. एकटीने देऊ नका, प्राथमिकच्या सगळ्याजणींच्या सह्या घ्या. भाषा नम्र ठेवा, राजीनाम्याची धमकी नको. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या आणि ती प्रत घरी कपाटात ठेवा.